लंगडणारी मेंढी काय सांगते?

भाताची मळणी आटोपली आणि सकाळी गवतावर दहिवर पडू लागले की घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात. घाटांच्या वाटा तुडवीत त्यांचे वाडे खाली येतात. वाडा म्हणजे येथे चौसोपी घर नव्हे. मेंढ्या, तट्टे, कुत्री, भांडीकुंडी आणि माणसे मिळून जे चालते बिऱ्हाड होते, त्याला ‘वाडा’ म्हणतात. शेतकरी आपल्या रिकाम्या कुणग्यांत रात्री मेंढ्या बसवून घेतो. लेंड्यांनी आणि मुताने जमीन खतावते, त्याबद्दल मेंढपाळाला भात किंवा पैसे मिळतात. पावसाळ्याच्या आत हे वाडे पुन्हा घाट चढतात, कारण आमच्या सिंधुदुर्गातला पाऊस दख्खनी मेंढीला मानवत नाही.

काही वर्षांपूर्वी असा एक वाडा मालवण तालुक्यातल्या एका गावात, माझ्या बहिणीच्या शेजारच्या मळ्यात उतरला होता. दोनशेच्या आसपास मेंढ्या होत्या. माझा भाचा तेव्हा नववीत होता आणि शाळेच्या प्रकल्पासाठी रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता यांची नोंद वहीत करीत होता. वाडा आल्याच्या नवव्या दिवशी त्याने मला सांगितले, “मामा, आज दोन मेंढरां लंगडतत.” शेजारी म्हणाले, “काटो लागलो आसतलो, दुसरा काय!” मलाही तसेच वाटले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. मेंढीच्या पायाशी माझा संबंध गुरुत्वमध्यापुरताच. पण भाच्याने वहीत तापमानाच्या शेजारी आणखी एक रकाना पाडला. नवव्या दिवशी २, दहाव्या दिवशी ९, अकराव्या दिवशी ३४.

काटा एका मेंढीला लागेल, दोघींना लागेल. दोन दिवसांत चौतीस मेंढ्यांना काटा लागत नाही. अकराव्या दिवशी मी हे आकडे पाहिले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप पाठवला. बाराव्या दिवशी गावातल्या एका बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, आणि मग कोणालाच काही सांगावे लागले नाही. लाळ्या-खुरकूत!

त्या वाड्याचे पुढे काय झाले ते सांगेनच. आधी हा रोग मेंढीत कसा ओळखायचा ते पाहू. विद्यार्थी मित्रांनो, हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही. आणि ते सोपे नाही, यातच या रोगाचे निम्मे सामर्थ्य आहे.

नावाने होणारी फसगत

या रोगाला कोणी लाळ्या-खुरकूत म्हणतात, कोणी खुरकत, कोणी तोंडखुरी-पायखुरी. नाव ऐकले की डोळ्यांसमोर येते ती तोंडाला फेस आलेली, मचमच आवाज करणारी, खाणे सोडलेली गाय किंवा बैल. हे वर्णन गुरांच्या बाबतीत बरोबर आहे. मेंढीच्या बाबतीत मात्र ‘लाळ्या’ हा शब्द बहुधा लागूच पडत नाही. मेंढीची लाळ फारशी गळत नाही. तिच्या तोंडात फोड आले तरी ते लहान असतात, लवकर फुटतात आणि चार-पाच दिवसांत भरूनही येतात. तिच्यात दिसते ती खुरकूत, म्हणजे पाय. तोही नेहमी दिसतो असे नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम बाधा केलेल्या मेंढ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मेंढ्यांत एकही फोड आढळला नाही, आणि आणखी काहींत जेमतेम एकच आढळला.

त्यात मेंढीचा स्वभाव. कळपात राहणाऱ्या आणि लांडग्याचे भक्ष्य असणाऱ्या प्राण्याने दुखणे दाखवले तर तो आधी मारला जातो. म्हणून मेंढी दुखणे गिळते. उठवले की उठते, चालवले की चालते. तुम्ही दहा मिनिटे उभे राहून पाहिले नाही तर कळप निरोगीच वाटेल.

कारण काय? एक विषाणू. त्याचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर, म्हणजे असे ३३ हजार विषाणू एका रांगेत मांडले तर कोठे एक मिलिमीटर भरेल. जर्मनीत फ्रीड्रिख ल्योफ्लर आणि पाउल फ्रॉश यांनी १८९७-९८ मध्ये या रोगाच्या फोडांतला द्रव जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला. गाळून आलेल्या द्रवाने वासरांना रोग झालाच! मग प्रश्न आला की हे गाळणीतून निसटणारे एखादे विष तर नसेल? विष असेल तर एका वासरातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात नेताना ते पातळ होत जाऊन निष्प्रभ व्हायला हवे. तसे झाले नाही. म्हणजे ते ‘काहीतरी’ प्राण्याच्या शरीरात वाढत होते. प्राण्यांना रोग करणारा हा पहिला ज्ञात विषाणू. प्रयोगातून असा निष्कर्ष कसा काढतात याचा याहून चांगला धडा मला माझ्या विषयातही चटकन आठवत नाही.

हा विषाणू खूर दुभंगलेल्या प्राण्यांना, म्हणजे गाय, म्हैस, मेंढी, शेळी, डुक्कर, हरिण यांना धरतो. घोड्याचे खूर एकसंध असतात, म्हणून वाड्याबरोबरचे तट्टू सुरक्षित. माणसाला त्याची बाधा होणे इतके विरळ आहे की ती आपण धरण्याचे कारण नाही. लहान मुलांना हात, पाय आणि तोंडावर फोड येणारा एक रोग असतो. त्याचा विषाणू वेगळा आहे आणि त्याचा गुरामेंढरांशी काही संबंध नाही. नावे सारखी असल्यामुळे येथे पुष्कळांचा गोंधळ होतो.

पाहावे कसे?

बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जाऊ शकतात; मेंढीत बहुधा ३ ते ८ दिवस. पाहायला सुरुवात करावी ती दुरून. कळप बसलेला असताना शांत उभे राहावे आणि मेंढपाळ उठवतो तेव्हा कोण शेवटी उठते ते बघावे. पाय दुखणारी मेंढी उठायला नाखूश असते. उठली तरी मागचे पाय पोटाखाली घेऊन, अर्धवट बसल्यासारखी उभी राहते, एक पाय उचलून धरते, आणि कळप पुढे गेला की मागे रेंगाळते. खरी खूण आहे ती आकड्यांत: काल नव्हत्या, आज आहेत, उद्या पुष्कळ होतात. अचानक आणि एकदम अनेक मेंढ्या लंगडू लागणे हे मेंढ्यांतल्या लाळ्या-खुरकुतीचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे लक्षण. भाच्याच्या वहीतला रकाना म्हणजे हेच लक्षण होते, फक्त आकड्यांत लिहिलेले.

यानंतर पाय. मेंढी पकडणे, पाय उचलणे, तोंड उघडणे ही कामे पशुवैद्यांची किंवा त्यांच्या देखरेखीखाली मेंढपाळाची. तुम्ही ती करू नयेत. कारण पुढे येईल. पण ते काय पाहतात हे माहीत असावे. खुराच्या दोन नख्यांमधल्या फटीत, टाचेकडे, आणि खुराचे कठीण आवरण व केसाळ कातडी जेथे मिळतात त्या कडेवर पांढुरके, पाण्याने भरलेले फोड येतात. माती आणि लेंड्या लागलेल्या पायावर ते दिसत नाहीत, म्हणून पाय आधी स्वच्छ पाण्याने धुवून घेतात. फोड एक-दोन दिवसांत फुटतो आणि खाली लालभडक, कच्ची जखम राहते. पाय हाताला गरम लागतो आणि त्या कडेवर दाबले की मेंढी पाय हिसकते.

मग तोंड. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे तुम्हांला ठाऊक आहे का? तेथे हिरडीची टणक गादी असते आणि खालचे दात तिच्यावर टेकवून ती गवत तोडते. या गादीवर मेंढीचे फोड बहुधा सापडतात. गाईची जीभ बाहेर ओढून पाहायची सवय असलेला माणूस मेंढीचीही जीभच पाहतो आणि ‘तोंड स्वच्छ आहे’ म्हणून सोडून देतो. पाहायची जागा वरची गादी, ओठांच्या आतली बाजू आणि हिरड्या. जीभही पाहावी, पण शेवटी.

तापाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हा माझ्या विषयाचा प्रांत. पुष्कळ जण मेंढीच्या कानाला हात लावून ‘अंग तापले आहे’ असे सांगतात. निरोगी मेंढीचे तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ अंश फॅरनहाइटच्या थोडे वर असते. आपल्या हाताचे तापमान त्याहून बरेच कमी. तेव्हा आपल्याला कोणतीही मेंढी तापलेलीच वाटणार! हात हा तापमापक नाही; तो फक्त आपल्यापेक्षा गरम की गार एवढेच सांगतो. थर्मामीटर गुदद्वारात धरून मोजले आणि ४० ते ४१ अंश आले तर तो ताप. त्यातही दोन खाचखळगे आहेत. लोकरीसह उन्हातून चार-पाच किलोमीटर चालून आलेल्या मेंढीचे तापमान रोग नसतानाही चढते, म्हणून तिला सावलीत विसावू देऊन मग मोजावे. आणि ताप फोडांच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर येतो आणि लवकर उतरतो. लंगडणाऱ्या मेंढीला ताप नाही म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. उलट, अजून न लंगडणाऱ्या मेंढ्यांपैकी काहींना ताप असेल, तर उद्या कोण लंगडणार ते आज कळते.

कोकरांची कथा निराळी आणि वाईट. मोठ्या मेंढ्या या रोगाने सहसा मरत नाहीत, कोकरे मरतात, तीही पुष्कळदा एकही फोड न येता. विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर आघात करतो. मेलेल्या कोकराचे हृदय उघडून पाहिले तर त्यावर वाघाच्या अंगासारखे फिकट पट्टे दिसतात. सकाळी दूध पिणारे कोकरू दुपारी मरून पडते आणि मेंढपाळ म्हणतो की साप चावला. मोठ्या मेंढ्या लंगडत असताना कोकरे अशी एकाएकी दगावू लागली तर सापाला दोष देऊ नये. गाभण मेंढ्या गाभडतात, दूध आटते, हेही याच काळात दिसते.

यासारखे दिसणारे इतर रोग

लंगडणारी प्रत्येक मेंढी लाळ्या-खुरकुतीची नव्हे. ओल्या, चिखलाच्या जागी राहिलेल्या मेंढ्यांचे खूर जिवाणूंमुळे कुजतात. पशुवैद्य त्याला फूट रॉट म्हणतात. त्यात घाण वास येतो, खुराचे कठीण आवरण खालून सुटू लागते, आणि संख्या हळूहळू वाढते. तोंडात काही नसते. दमट कोकणात हा घोटाळा होणे अगदी साहजिक आहे, आणि खुरकुतीच्या जखमेत मागाहून हेच जिवाणू शिरले तर दोन्ही रोग एकाच पायात सापडतात!

‘मावा’ या रोगात ओठांवर आणि तोंडाच्या कोपऱ्यांवर जाड, खडबडीत खपल्या धरतात, विशेषतः कोकरांना. तो पाणीदार फोड नव्हे, खपली आहे. हा रोग माणसाच्या हातालाही होतो. नीलजिव्हा या रोगात तोंड, ओठ, कान सुजतात, नाक वाहते, क्वचित जीभ निळसर होते, आणि खुराच्या वरच्या कडेवर लाल पट्टा दिसून मेंढी लंगडते. म्हणजे तोंड आणि पाय दोन्ही आलेच! पण हा रोग चिलटांसारख्या बारीक किड्यांच्या चाव्याने पसरतो, म्हणून पावसाच्या सुमारास आणि त्यानंतर जास्त. शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हा रोग डोळे-नाक वाहणे, तोंड येणे, खोकला आणि जुलाब यांनी ओळखू येतो. खुरांना तो शिवत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे सगळे सारखे दिसत असेल तर डोळ्यांनी निदान होते तरी कसे? खरे सांगायचे तर पूर्ण होतच नाही. डोळ्यांनी होते ती शंका. निदान होते प्रयोगशाळेत. फोडावरच्या सालीचा तुकडा ग्लिसरीन असलेल्या उदासीन द्रावणात ठेवून, थंड पेटीतून पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागासारख्या ठिकाणी पाठवतात. द्रावण उदासीन का? हा विषाणू आम्लाला फार हळवा आहे. पीएच ६ च्या खाली गेला की तो टिकत नाही, आणि ९ च्या वर गेला तरी नाही. हीच गोष्ट पुढे आपल्या कामी येणार आहे.

तीन प्राणी, तीन उपकरणे

या रोगाच्या अभ्यासकांत एक उक्ती रूढ आहे: मेंढी विषाणू जपते, डुक्कर तो वाढवते आणि गाय तो दाखवते. मला यात प्रयोगशाळेतल्या उपकरणांची आठवण होते. डुक्कर म्हणजे प्रवर्धक. त्याच्या श्वासातून बाहेर पडणारा विषाणू मेंढी-गाईच्या कित्येक पट असतो. गाय म्हणजे संवेदनक्षम दर्शक. ती मेंढीहून पुष्कळ अधिक हवा आत घेते आणि थोड्याशा विषाणूनेही आजारी पडून ठळक लक्षणे दाखवते. आणि मेंढी म्हणजे असे उपकरण की ज्याचा काटा हलतच नाही, पण आत प्रवाह मात्र वाहत असतो. तिच्या श्वासातून विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो लंगडण्याच्या एक-दोन दिवस आधी. बरी झाल्यावरही काही मेंढ्यांच्या घशात तो काही महिने, नऊ महिन्यांपर्यंतसुद्धा, राहू शकतो.

न हलणाऱ्या काट्यावर विसंबल्याने काय होते ते २००१ साली ब्रिटनने पाहिले. उत्तर इंग्लंडमधल्या एका डुकरांच्या गोठ्यात रोग शिरला. तेथून तो वाऱ्याबरोबर जवळच्या मेंढ्यांना लागला, आणि त्यांतल्या काही मेंढ्या १३ फेब्रुवारीला हेक्सहॅमच्या बाजारात विकायला गेल्या. त्या आजारी दिसत नव्हत्या. व्यापाऱ्यांनी तेथली जनावरे लॉंगटाउनच्या मोठ्या बाजारात आणि मग देशभर नेली. रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो २० फेब्रुवारीला, तोही तेथून शेकडो किलोमीटर दूर एसेक्समधल्या कत्तलखान्यात आलेल्या डुकरांत. जनावरांची ने-आण बंद झाली २३ फेब्रुवारीला. मधल्या दहा दिवसांत मेंढ्यांनी आपले काम केले होते. त्या साथीत २,०२६ ठिकाणी रोग नोंदला गेला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ज्या वाणाच्या विषाणूने हे घडवले तो प्रथम १९९० मध्ये भारतात आढळलेला होता. तेव्हा ही दूरदेशची गोष्ट आहे असे कोणी समजू नये.

वारा आणि आर्द्रता यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या डुकरांकडून हा विषाणू समुद्रावरून जर्सी बेटावर आणि अडीचशे किलोमीटरहून दूर आइल ऑफ वाइट या बेटावर पोचला. समुद्रावरची हवा जमिनीवरच्या हवेसारखी घुसळली जात नाही, म्हणून विषाणूचा ढग विरला नाही. शिवाय सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर असली की हवेतल्या सूक्ष्म थेंबांतला विषाणू टिकतो. तिच्या खाली तो भराभर नाश पावतो. आता मालवणच्या किनाऱ्यावर बसून ही संख्या वाचा! शाळेतल्या ओल्या-सुक्या तापमापकाने तुम्ही स्वतः मोजू शकता. भाच्याच्या वहीत पहाटेची आर्द्रता रोजच ६० च्या वर होती, दुपारी काही दिवस ती खाली उतरली. मात्र घाबरून जाऊ नका. आपल्याकडे ऊन तापले की हवा वर उसळते आणि ढग विरतो. म्हणून येथे रोग पसरतो तो मुख्यतः जनावराला जनावर भिडल्याने, एका पाणवठ्याने, बाजाराने, वाहनांनी आणि माणसांच्या पायांनी. माणूस स्वतः आजारी पडत नाही, पण त्याच्या चपलांना, कपड्यांना लागून, नाकातसुद्धा काही तास बसून, विषाणू प्रवास करतो. मेंढी धरू नका असे वर म्हटले ते यासाठीच. कुतूहलाने कळपात जाऊन आलेला विद्यार्थी घरी येऊन आपल्याच गाईला चारा घालतो.

कोणी कोणाला दिला?

आता त्या वाड्याकडे परत. बैलाची लाळ गळताच गावाचा निकाल लागला होता: घाटावरच्यांनी रोग आणला, त्यांना हाकलून द्या. दोघे-तिघे काठ्या घेऊन मळ्यात गेलेही. म्हातारा मेंढपाळ हात जोडून एवढेच म्हणत होता, “मालक, खाली उतरलो तवा एकबी मेंढरू लंगडत न्हवतं.” त्याचे म्हणणे खरे की खोटे, हे ठरवणार कसे?

पशुवैद्य आले ते आधी मेंढ्यांकडे गेले, मग बैलाकडे. फोडाचे वय सांगता येते. पहिल्या दिवशी-दुसऱ्या दिवशी फोड अखंड असतो. फुटल्यावर जखमेची कड धारदार आणि तळ लाल असतो, कडेला सालीचे लोंबते तुकडे असतात. चार-पाच दिवसांनी कड बोथट होते, तळावर पिवळट थर धरतो. आठवड्याने जखम भरू लागते, आणि पुढे तेथे फिकट वण राहतो. खुराच्या वरच्या कडेला झालेल्या इजेची आडवी खाच खुरावर उमटते आणि खूर वाढतो तशी ती खाली सरकते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखेच हे. मेंढ्यांत हा हिशेब थोडा ढोबळ असतो, गुरांत बराच नेमका.

मेंढ्यांच्या जखमा एक ते तीन दिवसांच्या निघाल्या. बैलाच्या जिभेवरचा फोड आदल्या दिवशीचा. एवढ्यावर गावाचेच म्हणणे खरे ठरत होते. पण पशुवैद्य तेथे थांबले नाहीत. ते वाडीतला एकेक गोठा पाहत निघाले. पाचव्या की सहाव्या गोठ्यात एक गाय होती, महिन्यापूर्वी बाजारातून आणलेली. मालक म्हणाला, तिचे मध्यंतरी तोंड आले होते, तुरटीच्या पाण्याने धुतले, बरे झाले. तिच्या जिभेवर भरून आलेले फिकट वण होते, खुरांच्या फटीतल्या जखमा वाळल्या होत्या. पशुवैद्यांनी वय सांगितले: किमान दोन आठवडे, कदाचित तीन. वाडा येऊन झाले होते बारा दिवस. आणि ती गाय रोज ज्या व्हाळावर पाणी प्यायची त्याच व्हाळावर मेंढ्या उतरत होत्या.

येथे घाई करू नका. यावरून गाईने मेंढ्यांना रोग दिला असे सिद्ध होते का? नाही. सुप्तावस्था चौदा दिवसांपर्यंत असू शकते, तेव्हा मेंढ्या वाटेवर कोठे तरी बाधा घेऊन आल्या हेही अशक्य नाही. पण वाडा येण्यापूर्वी रोग गावात होता, एवढे मात्र नक्की झाले. काठ्या घेऊन आलेली माणसे हा हिशेब ऐकून घराकडे वळली. गाईचा मालक काही बोलला नाही.

हाकलून दिले असते तर काय झाले असते? लंगडती मेंढरे घेऊन तो वाडा पुढच्या गावी, तेथून आणखी पुढे गेला असता, आणि प्रत्येक मुक्कामाला विषाणू ठेवीत गेला असता. मेंढपाळाला हे ठाऊक असते, आणि ‘माझी मेंढरे लंगडताहेत’ असे सांगितले तर आपल्याला कोणी मळ्यात बसू देणार नाही हेही ठाऊक असते. म्हणून तो काट्याचे कारण सांगतो. शेतकरी ‘तोंड आले’ म्हणतो. दोघेही एकाच भीतीने गप्प राहतात. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यात हा रोग येतो, आणि शंका आली की ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणे हे जनावराच्या मालकाचे कर्तव्य आहे. तेथून ते पशुवैद्याकडे जाते. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याच्या १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. पण कळवणाऱ्याला हाकलले जाणार असेल तर कायदा कागदावर राहतो, असे माझे मत आहे.

या रोगावर औषध नाही. जखमा धुणे, पायाला कोरडी जागा, मऊ चारा, आणि मागाहून शिरणाऱ्या जिवाणूंवर उपचार, एवढेच. लस आहे. भारतात सध्या आढळणारे विषाणूचे प्रकार तीन, ओ, ए आणि एशिया-१. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला उपयोगी पडत नाही, म्हणून लशीत तिन्ही असतात. तिचा परिणाम टिकाऊ नसल्याने ती ठरावीक काळाने पुन्हा टोचावी लागते आणि टोचेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई-म्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या आणि डुकरेही धरली आहेत. फिरत्या कळपांना लस गाठणे अवघड. घाट उतरण्याच्या आधी, कळप मूळ गावी असतानाच ती टोचलेली बरी.

त्या वाड्याला गावाने त्याच मळ्यात ठेवून घेतले. पशुवैद्यांनी तीन आठवडे जागा सोडू नका असे सांगितले होते. पाणी व्हाळावर नेण्याऐवजी पिंपांनी आणून दिले, गुरे दुसऱ्या बाजूला चारली. मळ्याच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याचे पाणी भरलेले एक घमेले ठेवले होते. लिटरला चाळीस ग्रॅम सोडा, म्हणजे चार टक्के. त्याचा पीएच ९ च्या बराच वर जातो, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो विषाणूला सोसत नाही. येणारा-जाणारा त्यात पाय बुडवून जाई. भाचा रोज सकाळी लिटमसचा कागद घेऊन ते पाणी तपासत असे आणि शेणामातीने गढूळ झाले की बदलायला लावत असे. त्याच्या वहीतला लंगडणाऱ्या मेंढ्यांचा आकडा सोळाव्या दिवशी ९७ वर गेला आणि मग उतरू लागला. सहा कोकरे दगावली. चौतिसाव्या दिवशी रकान्यात शून्य लिहिले आहे, आणि त्याखाली पेन्सिलीने, ‘वाडा गेला.’